जाक प्लांट : चेहरा झाकणारा धीट गोलरक्षक



परवा शाळेच्या मैदानावर सीझन बॉलचा सराव चालला होता. सातवीतला एक मुलगा फलंदाजीला निघाला आणि जाता जाता त्यानं डोक्यावरचं हेल्मेट काढून किटबॅगेवर ठेवून दिलं. का रे, म्हणून विचारलं तर आधी काही बोलेचना. मग हळूच सांगितलं की मोठी मुलं भित्रा म्हणून चिडवतात.

हेल्मेट त्याला घालायलाच लावलं. पण नुसतं दटावून मुलांच्या मनातली गोष्ट जात नाही, हे आपल्या सगळ्यांनाच माहीत आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी ऑफ तासाला वर्गात एका खेळाडूची गोष्ट सांगितली. मुलं शांत बसून ऐकत होती. तीच गोष्ट इथे जरा सविस्तर देत आहे. खेळ आपल्याकडचा नाही आणि माणूसही दूरच्या कॅनडातला, पण प्रश्न मात्र आपल्या मैदानावरचाच आहे.

आधी खेळ समजून घेऊ

आइस हॉकी म्हणजे बर्फाच्या मैदानावर स्केट घालून खेळायची हॉकी. एका बाजूला सहा खेळाडू, त्यातला एक गोलरक्षक. चेंडूऐवजी इथे पक असतो. पक म्हणजे कडक रबराची चकती, साधारण साडेसात सेंटिमीटर रुंद आणि अडीच सेंटिमीटर जाड. तिचं वजन १५६ ते १७० ग्रॅम. आपला सीझन बॉलही जवळजवळ एवढ्याच वजनाचा असतो, म्हणजे मुलांना हातात देऊन दाखवता येईल. आता हा पक ताशी १५० किलोमीटरच्या आसपास वेगानं येतोय, समोर खेळाडूंची गर्दी आहे, त्यामुळे तो कुठून सुटला हेही नीट दिसलेलं नाही, आणि आपण गोलसमोर वाकून उभे आहोत, अशी कल्पना करा.

१९५० च्या दशकातल्या गोलरक्षकाच्या पायांना जाड पॅड असायचे, हातांत मोठे ग्लोव्ह्ज असायचे, छातीवर संरक्षण असायचं. चेहरा मात्र पूर्ण उघडा. नाक मोडणं, दात पडणं, गालाला टाके पडणं हे त्या नोकरीतलं नेहमीचंच समजलं जायचं.

बटाट्याच्या पोत्यांचे पॅड

जाक प्लांटचा जन्म १७ जानेवारी १९२९ चा, कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातल्या माँ-कार्मेल गावाजवळच्या एका शेतावरचा. या प्रांतात फ्रेंच बोलतात. पुढे वडिलांच्या कारखान्यातल्या कामामुळे कुटुंब शॉविनिगन फॉल्स या गावी राहायला आलं. अकरा भावंडं, त्यात जाक सगळ्यांत थोरला. थोरल्याच्या वाट्याला जे येतं ते सगळं त्याच्या वाट्याला आलं. स्वयंपाकात मदत, झाडलोट, धाकट्यांना सांभाळणं. आईनं त्याला लोकरीचं विणकामही शिकवलं. पुढे मोठा खेळाडू झाल्यावरही तो स्वतःच्या लोकरी टोप्या आणि मोजे स्वतःच विणायचा. मुलगा असून विणतो म्हणून कुणी हसलं तरी त्याला काही वाटत नसे.

लहानपणी त्याला दमा होता. बर्फावर फार वेळ स्केटिंग केलं की श्वास कोंडायचा. मग मुलांच्या खेळात तो गोलमध्ये उभा राहू लागला, कारण गोलरक्षकाला सतत पळावं लागत नाही. घरची परिस्थिती बेताची. वडिलांनी झाडाच्या मुळापासून त्याला पहिली हॉकी स्टिक करून दिली. पॅडही घरचेच. बटाट्याची पोती ठासून भरायची, त्यांना लाकडी पट्ट्यांचा आधार द्यायचा आणि पायाला बांधायची. अंगाचं रक्षण करणारी वस्तू दुकानातच मिळते असं नाही, डोकं चालवलं तर ती घरीही तयार होते, हे त्या मुलानं अगदी कोवळ्या वयात पाहिलं.

बारा वर्षांचा असताना तो एकदा शाळेच्या संघाचा सराव बघत उभा होता. संघाच्या गोलरक्षकाचं आणि प्रशिक्षकांचं काहीतरी बिनसलं आणि तो मुलगा मैदान सोडून निघून गेला. जाकनं पुढे होऊन मी उभा राहू का, असं विचारलं. संघातली बाकीची मुलं सतरा-अठरा वर्षांची! पण दुसरा कुणी नव्हताच, म्हणून त्याला उभं केलं. तो तिथे टिकला. पुढे कारखान्याच्या संघाकडून खेळताना त्यानं धीर करून मानधन मागितलं. सामन्याला ५० सेंट मिळू लागले, अट एकच, ही गोष्ट इतर कुणाला कळता कामा नये. हक्काचं विचारायला लाजायचं नाही, हा स्वभाव तिथूनच दिसतो. पुढे हाच स्वभाव कामी आला.

फक्त सहा जागा

१९५०-६० च्या काळात नॅशनल हॉकी लीगमध्ये फक्त सहा संघ होते. बहुतेक संघ एकाच गोलरक्षकावर हंगाम काढायचे. म्हणजे सगळ्या लीगमध्ये पहिल्या पसंतीच्या गोलरक्षकाच्या जागा जेमतेम सहा. बाहेर शेकडो मुलं वाट बघत उभी. अशा वेळी मला लागतंय, मला मास्क हवा, असं म्हणायची कुणाची हिंमत होणार? एखादा सामना सोडला तर दुसरा येऊन जागा घेईल ही भीती पकच्या भीतीपेक्षा मोठी होती. म्हणून चेहरा फाटला तरी टाके घालून पुन्हा उभं राहायचं, अशी रीतच पडली होती.

प्लांट १९५२-५३ च्या हंगामात मॉन्ट्रियल कॅनेडियन्सकडून पहिल्यांदा खेळला आणि लवकरच या सहांपैकी एक झाला. त्याची पद्धत वेगळी होती. गोलच्या मागे गेलेला पक आणायला तो सरळ जागा सोडून स्केट करत जायचा. तोवर गोलरक्षकांनी असं करायची पद्धत नव्हती. बघणाऱ्यांच्या छातीत धस्स व्हायचं, पण त्यामुळे त्याच्या बचावपटूंचं काम सोपं व्हायचं. १९५६ ते १९६० अशी सलग पाच वर्षं कॅनेडियन्सनं स्टॅनली कप जिंकला, आणि त्या पाचही वर्षी सर्वांत कमी गोल होऊ देण्याबद्दलची व्हेझिना ट्रॉफी प्लांटला मिळाली.

या काळात शरीराला मात्र बरंच सोसावं लागलं. १९५४ मध्ये सरावात एका गालाचं हाड मोडलं. दुसऱ्या वर्षी पुन्हा सरावातच दुसऱ्या गालाचं हाड आणि नाक मोडलं. दोन्ही वेळा फटका स्वतःच्याच संघातल्या खेळाडूचा होता. त्यानंतर तो सरावाला मास्क घालू लागला. प्रशिक्षक टो ब्लेक यांनी सरावापुरती परवानगी दिली, सामन्यात मात्र सक्त मनाई.

ब्लेक हे कठोर, पण दुष्ट नव्हते हे मुलांना आवर्जून सांगावं. त्यांची अडचण खरी होती. मास्कमुळे पायाजवळचा पक दिसणार नाही, असं त्यांना वाटे. आणि मास्क घालणारा गोलरक्षक घाबरलेला असतो, घाबरलेला माणूस वेळेवर झेप घेत नाही, अशी त्यांची समजूत होती. तेव्हाच्या बहुतेक प्रशिक्षकांची हीच समजूत होती.

याआधी कुणी मास्क घातलाच नव्हता का?

घातला होता. पुष्कळ ठिकाणी प्लांटनं पहिला मास्क घातला असं छापलेलं असतं, ते बरोबर नाही. १९२७ मध्ये कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठाच्या मुलींच्या संघातली एलिझाबेथ ग्रॅहम ही गोलरक्षक दात वाचवण्यासाठी तलवारबाजीची जाळीदार मुखपट्टी लावून खेळली होती. वर्गात हे सांगितलं की मुली एकदम ताठ बसतात! १९३० मध्ये क्लिंट बेनेडिक्ट या व्यावसायिक गोलरक्षकानं नाक मोडल्यावर चामड्याचा मास्क काही सामन्यांत घातला, पण त्यातून नीट दिसेना म्हणून सोडून दिला. पुढे पारदर्शक प्लॅस्टिकचे मास्कही आले, पण श्वासाची वाफ धरून ते धुरकट व्हायचे.

म्हणजे कल्पना जुनीच होती. अडलं होतं ते दोन ठिकाणी. हलका, घट्ट बसणारा आणि नीट दिसू देणारा मास्क तयार करायचं तंत्र नव्हतं. आणि तो सामन्यात घालून उभं राहायला, लोकांचं बोलणं सहन करायला कुणी तयार नव्हतं.

चेहऱ्याचा साचा

तंत्र आलं ते एका बाहेरच्या माणसाकडून. बिल बर्चमोर हे फायबरग्लास कॅनडा या कंपनीत काम करत होते. १९५८ मध्ये एका सामन्यात प्लांटच्या कपाळावर पक बसलेला त्यांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात फायबरग्लासचं घडवलेलं एक मानवी डोकं त्यांच्या समोर होतं आणि त्यांना सुचलं, याच पदार्थाचा मास्क का होऊ नये? त्यांनी प्लांटला पत्र लिहिलं. प्लांटनं ते आधी फारसं मनावर घेतलं नाही. पुढे तो तयार झाला.

फायबरग्लास म्हणजे काचेच्या अगदी बारीक धाग्यांचं कापड. ते रेझिनमध्ये भिजवून एकावर एक थर लावायचे, वाळले की कडक आणि हलकं कवच तयार होतं. आपल्या कोकणात मासेमारीच्या फायबरच्या होड्या असतात, त्याही अशाच थरांच्या. १९५९ मध्ये मॉन्ट्रियलच्या एका रुग्णालयात प्लांटच्या चेहऱ्याचा साचा घेतला. डोक्यावर पातळ मोजा चढवला, चेहऱ्याला व्हॅसलीन चोपडलं, श्वासासाठी नाकपुड्यांत नळ्या घातल्या आणि वरून प्लॅस्टर ओतलं. प्लॅस्टर घट्ट होईपर्यंत तसंच निजून राहायचं. दम्याच्या माणसाला हे किती अवघड गेलं असेल बघा. त्या साच्यावरून अंगाच्या रंगाचा, सुमारे ४०० ग्रॅम वजनाचा, डोळ्यांना आणि तोंडाला भोकं असलेला मास्क तयार झाला. दिसायला तो भयंकरच होता.

१ नोव्हेंबर १९५९

न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये कॅनेडियन्स आणि न्यूयॉर्क रेंजर्स यांचा सामना. खेळ सुरू होऊन तीनेक मिनिटं झाली असतील. रेंजर्सच्या अँडी बाथगेटनं मारलेला पक थेट प्लांटच्या चेहऱ्यावर बसला. नाकापासून ओठापर्यंत जखम. बर्फावर रक्त. त्याला आत नेऊन टाके घातले. खेळ वीस मिनिटांहून जास्त वेळ थांबला.

संघाबरोबर दुसरा गोलरक्षक नव्हता. अशा वेळी यजमान मैदानानं एखादा हौशी बदली द्यायचा, पण त्याला उभं करणं म्हणजे सामना हातचा घालवणं. ब्लेक आत आले. प्लांटनं स्पष्ट सांगितलं की मास्क घालू देणार असाल तरच मी परत बर्फावर जाईन. ब्लेक संतापले, पण इलाज नव्हता. जखम बरी होईपर्यंत घाल, असं त्यांनी नाइलाजानं मान्य केलं.

प्लांट मास्क घालून बाहेर आला. हजारो प्रेक्षक बघत राहिले. तो हरला असता तर सगळा दोष मास्कलाच गेला असता, आणि कदाचित पुढची कित्येक वर्षं कुणी नाव काढलं नसतं. कॅनेडियन्स ३–१ असे जिंकले.

जखम बरी झाली तरी प्लांटनं मास्क काढला नाही. संघही हरेना. सलग १८ सामने त्यांचा पराभव झाला नाही. मार्च १९६० मध्ये, ब्लेक यांच्या आग्रहाखातर, तो एक सामना मास्कशिवाय खेळला. त्या दिवशी संघ ०–३ हरला. पुढच्या सामन्यात मास्क परत आला तो कायमचाच. एका पराभवावरून मास्कची बाजू सिद्ध होत नाही, हे खरं. पण ज्या माणसाचा विरोध सगळ्यांत जास्त होता, त्या ब्लेक यांचाही आक्षेप त्यानंतर मावळला. त्याच वर्षी संघानं पाचवा कप जिंकला, गोलमध्ये मास्कवाला प्लांटच.

प्लांट याला धाडस म्हणत नसे. उघड्या चेहऱ्यानं उभं राहणं यात शौर्य नाही, वेडेपणा आहे, असं त्याचं साधं म्हणणं होतं. मारा तर तो तोच झेलत होता, फक्त चेहरा फुटू देत नव्हता.

निवृत्ती आणि मॅगॉगचा कारखाना

प्लांट सगळ्यांचा लाडका होता असं मात्र नाही. तो एकलकोंडा होता, हट्टी होता. टोरोंटोत संघाच्या हॉटेलात राहिलं की दमा उठतो म्हणून तो वेगळ्या हॉटेलात उतरायचा. त्याचं दुखणं खरं की ढोंग, यावरून ब्लेक यांच्याशी खटके उडायचे. १९६२ मध्ये त्याला लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब मिळाला, आणि १९६३ मध्ये त्याची रवानगी रेंजर्सकडे झाली. १९६५ मध्ये तो निवृत्त झाला आणि एका कंपनीत नोकरीला लागला. १९६८ मध्ये, चाळिशीला आला असताना, तो पुन्हा मैदानावर उतरला. सेंट लुईस ब्लूजकडून खेळताना त्यानं सहकारी ग्लेन हॉलबरोबर सातव्यांदा व्हेझिना ट्रॉफी मिळवली.

१९७० मध्ये त्यानं क्वेबेकमधल्या मॅगॉग गावी फायब्रोस्पोर्ट नावाची मास्क करणारी कंपनी काढली. आता तो दुसऱ्यानं केलेला मास्क नुसता वापरत नव्हता, नवे मास्क घडवत होता. मास्क किती मार सोसतो हे बघायला हवेच्या दाबावर पक फेकणारी तोफ वापरली जायची. नामवंत खेळाडूंसाठी चेहऱ्याचा साचा घेऊन मास्क केले जात, आणि हौशी खेळाडूंसाठी, लहान मुलांसाठी तयार मापांतले. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. ज्याच्या वडिलांनी पोती भरून पॅड केले, त्यानं इतरांच्या मुलांसाठी मास्क केले.

स्वतःच्या मास्कची परीक्षा

३ मे १९७०. स्टॅनली कपची अंतिम फेरी, सेंट लुईस विरुद्ध बोस्टन. बोस्टनच्या फ्रेड स्टॅनफिल्डनं मारलेला जोरदार पक वाटेत फिल एस्पोझिटोच्या स्टिकला लागून वळला आणि प्लांटच्या कपाळावर आदळला. मास्क फुटला. प्लांट बेशुद्ध होऊन पडला. त्याला रुग्णालयात न्यावं लागलं. मास्क नसता तर तो फटका जिवावर बेतला असता, असं त्यानं नंतर सांगितलं.

तेव्हा तो ४१ वर्षांचा होता. एवढं झाल्यावर कुणीही घरी बसलं असतं. हा पुढच्या हंगामात टोरोंटोकडून खेळला आणि दर सामन्याला सरासरी १.८८ गोल, म्हणजे लीगमध्ये सर्वांत कमी, अशी कामगिरी करून दाखवली.

शेवटची वर्षं

१९७२ मध्ये त्यानं गोलरक्षणावर पुस्तक लिहिलं. तरुण गोलरक्षकांना तो शिकवायचा. टोरोंटोतला त्याचा सहकारी बर्नी पेरेंट हा त्याचा सर्वांत गाजलेला शिष्य. १९७५ मध्ये धाकट्या मुलाच्या मृत्यूची बातमी आली आणि त्यानं खेळ कायमचा सोडला. पुढे तो स्वित्झर्लंडला राहायला गेला. २७ फेब्रुवारी १९८६ रोजी जिनिव्हात पोटाच्या कर्करोगानं त्याचं निधन झालं. १९९५ मध्ये मॉन्ट्रियल कॅनेडियन्सनं त्याचा १ क्रमांक कायमचा राखून ठेवला. आता त्या संघात तो क्रमांक दुसऱ्या कुणाला मिळत नाही.

मास्कही जुना झाला

१९७३-७४ च्या हंगामानंतर त्या लीगमध्ये उघड्या चेहऱ्याचा एकही गोलरक्षक उरला नाही. पंधरा वर्षांत चित्र पूर्ण पालटलं. पण गोष्ट इथे संपवली तर मुलांना अर्धीच सांगितल्यासारखं होईल.

चेहऱ्याला चिकटून बसणाऱ्या मास्कमध्ये दोन उणिवा होत्या. फटक्याचा हादरा थेट हाडापर्यंत पोहोचायचा, आणि डोळ्यांची भोकं मोकळी राहायची. १९७९ मध्ये बर्नी पेरेंटच्या मास्कच्या भोकातून स्टिकचं टोक आत गेलं. डोळा दुखावला आणि त्याची कारकीर्द तिथेच संपली. गुरूनं लढून मिळवलेल्या वस्तूची उणीव शिष्याच्या वाट्याला आली. त्यानंतर तारेची जाळी आणि कडक कवच एकत्र असलेले मास्क रुळले. आज वापरतात ते त्याच जातीचे. म्हणजे सुरक्षेची वस्तू एकदा तयार झाली की काम संपलं, असं होत नाही. ती पुन्हा पुन्हा तपासावी लागते. आपल्या शाळेतली तडा गेलेली हेल्मेटं, सैल झालेले पट्टे या निमित्तानं एकदा बघून घेऊ या.

आपल्याकडेही हेच झालं

१९६२ मध्ये बार्बाडोसमध्ये भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला चेंडू लागला आणि ते जिवावरच्या दुखण्यातून वाचले. तरीही कसोटी सामन्यात फलंदाजाच्या डोक्यावर हेल्मेट दिसायला १९७८ साल उजाडलं. ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅहम यॅलपनं ते घातलं तेव्हा प्रेक्षकांनी त्याचीही हुर्यो उडवली. आपल्या सुनील गावस्करांनी पुढे टोपीखाली बसणारं कवच वापरलं. आज हेल्मेटशिवायचा फलंदाज बघितला तर आपल्यालाच चुकल्यासारखं वाटतं.

सातवीतल्या त्या मुलाला गोष्ट कितपत पटली हे मी विचारलं नाही. पण पुढच्या सरावाला चिडवणाऱ्या मोठ्या मुलांपैकी एकानं विचारलं, सर, त्या प्लांटचा फोटो आहे का? तेवढं मला पुरे झालं.

वर्गात चर्चेसाठी

१. घाबरणं आणि काळजी घेणं यांत फरक काय? स्वतःच्या अनुभवातलं एक उदाहरण सांगा.

२. प्रशिक्षक ब्लेक यांचे आक्षेप कोणते होते? त्यातले कोणते खरे ठरले, कोणते नाहीत?

३. खेळताना, सायकल चालवताना किंवा घरात काम करताना आपण कोणती सुरक्षेची वस्तू टाळतो? का टाळतो?

४. उपक्रम : पुठ्ठा, कापड, जुनी उशी, नारळाचा काथ्या असं घरातलं सामान वापरून कच्चं अंडं न फुटेल असं वेष्टन करा. एक मीटर उंचीवरून टाकून बघा. फुटलं तर कुठे चुकलं ते वहीत लिहा आणि पुन्हा करा.

पालकांनी चौथा उपक्रम घरी मुलांबरोबर जरूर करून बघावा. अंडी दोन-चार जास्त आणून ठेवा.